वॉटर-कूल्ड कॅबिनेट : हवेचा मार्ग आणि धुळीचा बंदोबस्त

वॉटर-कूलिंग बसवले म्हणजे धुळीची चिंता संपली, असे गृहीत धरून संगणक जोडला जातो आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे पंखे ओरडू लागतात. पाणी उष्णता फक्त प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत नेते. तिथून पुढे ती खोलीत टाकण्याचे काम हवेलाच करावे लागते. रेडिएटरच्या पत्र्यांमधल्या फटी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या असल्यामुळे धुळीचा पातळ थरही त्या बुजवायला पुरतो. शिवाय साध्या कूलरचा पंखा प्रोसेसरभोवतीच्या व्हीआरएमवर (मदरबोर्डावरच्या, प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवणाऱ्या भागांवर) आणि रॅमवर जाता जाता थोडा वारा घालत असे. त्याच्या जागी पाण्याचा ब्लॉक आला की तो वारा बंद होतो आणि या भागांची सगळी भिस्त कॅबिनेटमधल्या हवेवर येते.

इंदूरमध्ये पावसाळा सरला की पुढचा पाऊस येईपर्यंत हवा कोरडी असते. काळ्या मातीची पिठासारखी धूळ, मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या काढणीचा भुसा आणि रस्त्यांच्या खोदकामाची माती हे सगळे खिडकीवाटे घरात येते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की बरेच जण हवा वाढावी म्हणून जाळ्या काढून टाकतात किंवा दोन पंखे वाढवतात. या दोन्ही गोष्टी करण्याआधी खालचे टप्पे याच क्रमाने पूर्ण करावेत, कारण प्रत्येक टप्प्यात हाती येणारी माहिती पुढच्या टप्प्यात लागते. मार्गदर्शन मुख्यतः कारखान्यातच पाणी भरून बंद करून येणाऱ्या संचासाठी, म्हणजे एआयओसाठी आहे. स्वतः नळ्या जोडून केलेल्या संचालाही ते लागू पडते. द्रव बदलण्याचे काम मात्र वेगळे आहे आणि ते इथे घेतलेले नाही.

टप्पा १ : आधी मोजणी

कॅबिनेट उघडण्यापूर्वी खोलीचे तापमान, पाण्याचे तापमान, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे तापमान आणि पंख्यांचा वेग असे आकडे कागदावर लिहावेत. खोलीसाठी साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पण त्यापासून हातभर लांब ठेवावा. बाकीचे आकडे एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये दिसतात.

संगणकावर पूर्ण भार टाकून किमान अर्धा तास थांबावे. पाणी सावकाश तापते, त्यामुळे पाच मिनिटांच्या चाचणीत सगळेच संच उत्तम ठरतात आणि पुढे तासाभराच्या व्हिडिओ रेंडरिंगमध्ये तोंडघशी पाडतात. पाण्याचा आकडा दहा मिनिटे जागचा हलला नाही की मोजणी घ्यावी.

नेहमीची चूक म्हणजे जानेवारीतल्या आकड्याची मे महिन्यातल्या आकड्याशी तुलना करणे. रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २६ अंशांवरून ३७ अंशांवर गेली तर पाणीही साधारण तितकेच वर जाणार, आणि त्यात दोष कुणाचाच नाही. म्हणून पाण्याच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून येणारा फरक लिहावा; वर्षभर तुलना करण्याजोगा आकडा तोच आहे. प्रोसेसरच्या आकड्यावर तर फारच कमी विसंबावे, कारण एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत आणि रेडिएटर धुतल्यासारखा स्वच्छ असला तरी ते तिथे पोहोचू शकतात.

पाण्याचे तापमान दाखवणारा सेन्सर नसेल तर भार थांबवून एखाद्या मिनिटाने प्रोसेसरचे तापमान पाहावे. भार जाताच ते झपाट्याने उतरते आणि पाण्याच्या तापमानापेक्षा काही अंश वर येऊन रेंगाळते. अंदाजासाठी तो आकडा पुरेसा आहे, मात्र दर वेळी तो तितक्याच वेळाने घ्यावा.

टप्पा २ : पुसण्याआधी धूळ पाहणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी टप्पा हाच आहे. संगणक बंद करून, प्लग काढून, दोन्ही बाजूंची झाकणे उतरवावीत आणि काहीही न पुसता मोबाइलच्या टॉर्चमध्ये धूळ कुठे बसली आहे ते पाहावे व फोटो काढून ठेवावेत. हवा जिथून आत शिरते तिथे धूळ रेघेने बसते. मागच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्यांच्या कडांना करड्या रेघा दिसल्या, यूएसबीच्या खाचांभोवती लव धरली असेल किंवा काचेच्या झाकणाच्या आतल्या कडेला धुळीची चौकट उमटली असेल, तर कॅबिनेट जाळीतून हवा न घेता फटींतून ओढत आहे. याचा अर्थ बाहेर फेकणारे पंखे आत घेणाऱ्या पंख्यांपेक्षा भारी पडत आहेत.

याउलट पुढच्या जाळीवर जाड थर आणि मागच्या फटी जवळपास स्वच्छ, असे चित्र असेल तर हवेची दिशा बरोबर आहे. तिथे फक्त सफाई करून टप्पा ६ वर जाता येते.

धुळीचा पोतही पाहावा. कोरडी करडी धूळ फुंकरीने उडते. बोटाला चिकटणारी पिवळसर धूळ म्हणजे फोडणीची वाफ किंवा धूपाची काजळी; ती ब्लोअरने निघत नाही. खडूसारखा पांढरा थर असेल तर तो खोलीतल्या कूलरच्या पाण्यातला क्षार आहे. त्याविषयी पुढे येईल.

टप्पा ३ : सफाई

लागणारे सामान : हातातला विजेचा ब्लोअर, रंगकामाचा नवा मऊ ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, तोंडाला मास्क, जुना सुती कपडा आणि सुटलेले स्क्रू ठेवायला दोन वाट्या. दोन अशासाठी, की रेडिएटरचे लांब आणि आखूड स्क्रू एकमेकांत मिसळता कामा नयेत.

प्लग काढल्यावर चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये उरलेला भार उतरतो. मग कॅबिनेट गच्चीवर किंवा गॅलरीत न्यावे. खोलीतच ब्लोअर चालवला तर उडालेली धूळ तासाभरात पुन्हा आत येते.

सफाई वरून खाली करावी. पंख्याची पाती बोटाने अडवूनच त्यावर ब्लोअर मारावा, कारण वाऱ्याने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर बेअरिंग खराब होते, आणि फिरता पंखा जनित्रासारखी वीज तयार करून ती मदरबोर्डाकडे पाठवू शकतो. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरचे प्लास्टिकचे तोंड मदरबोर्डाजवळ नेऊ नये. त्यावर स्थिर विद्युत साठते.

रेडिएटरचे काम सावकाश करावे. पंखे रेडिएटरमध्ये हवा ढकलत असतील तर खरी धूळ पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये दडलेली असते. बाहेरून पाहिल्यास पत्रे चकचकीत दिसतात आणि आत पंख्यासमोर नमद्यासारखी गादी तयार झालेली असते. ब्लोअर कितीही मारला तरी ती फक्त सरकते, म्हणून पंखे उतरवावेच लागतात. एकेक पंखा सोडवून ती गादी बोटांनी अलगद उचलावी, उरलेली धूळ पत्र्यांच्या उभ्या दिशेने ब्रश फिरवून सैल करावी आणि मग हवा ज्या बाजूने येते तिच्या उलट बाजूने ब्लोअर मारावा. ब्लोअरचे तोंड वीतभर लांब धरावे. पत्रे नखानेही वाकतात, आणि वाकलेला पत्रा शेजारची फट बंद करतो.

इशारा : पंखा रेडिएटरवर बसवणारे स्क्रू साधारण ३० मिलिमीटरचे असतात आणि रेडिएटर कॅबिनेटला धरणारे पाच-सहा मिलिमीटरचे. लांब स्क्रू पंख्याविना थेट रेडिएटरमध्ये पिळला तर तो पाण्याची वाहिनी फोडतो. स्क्रू अडखळला की जोर लावू नये. बाहेर काढून त्याची लांबी पाहावी.

चिकट धूळ पंख्याच्या पात्यांवरून किंचित ओलसर कपड्याने पुसावी. मदरबोर्डावर पाणी किंवा घरगुती क्लीनर वापरू नये.

टप्पा ४ : रेडिएटरची जागा ठरवणे

रेडिएटर पुढे बसवला तर त्याला खोलीची ताजी हवा मिळते आणि पाणी काही अंश थंड राहते, पण त्यातून निघालेली गरम हवा ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएसडीवर जाते. तो छतावर बसवून हवा वर फेकली तर पाणी थोडे जास्त तापते, पण आतली हवा ताजी राहते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. छतावरच्या रेडिएटरला पुढच्या जाळीतून आधीच गाळलेली आणि वाटेत बरीच धूळ टाकून आलेली हवा मिळते. पुढच्या रेडिएटरवर मात्र जाळीतून निसटणारी सगळी बारीक माती थेट बसते.

इंदूरसारख्या धुळीच्या गावात, आणि खेळ किंवा व्हिडिओसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड असताना, मी छतावरची जागाच सुचवीन. ग्राफिक्स कार्डाला काम जवळजवळ नसेल आणि सगळा भार प्रोसेसरवरच असेल तर पुढची जागा घ्यावी, पण मग सफाई दुप्पट वेळा करण्याची तयारी ठेवावी.

छतावर बसवण्याआधी टेपने मोजावे. बहुतेक एआयओ रेडिएटर २७ मिलिमीटर जाड असतात आणि पंखा २५ मिलिमीटर, म्हणजे छत आणि रॅमच्या टोकामध्ये ५५ मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. पंखे रेडिएटरच्या वर बसवून हवा खेचायची सोय असेल तर ती जरूर घ्यावी. थंडाव्यात फारसा फरक पडत नाही आणि रेडिएटरची धूळ धरणारी खालची बाजू उघडी राहिल्यामुळे पुढच्या वेळी पंखे न सोडता तिथे ब्रश फिरवता येतो.

इशारा : पाणी फिरवणारा पंप हा संपूर्ण मार्गातला सगळ्यात उंच भाग असता कामा नये. संचात थोडी हवा असतेच, आणि नळ्यांतून वर्षानुवर्षे द्रव किंचित कमी होत जातो तशी ती वाढते. ही हवा सर्वांत उंच जागी गोळा होते, म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. पुढे बसवताना शक्य असेल तर नळ्यांची तोंडे खाली ठेवावीत. कॅबिनेटच्या तळाशी रेडिएटर बसवू नये.

टप्पा ५ : हवेची दिशा आणि आतला दाब

उद्दिष्ट एकच आहे : जाळीतून आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असावी, म्हणजे उरलेल्या सगळ्या फटींतून हवा बाहेरच जाईल आणि धुळीला आत यायला जाळीशिवाय वाट राहणार नाही.

बहुतेक पंख्यांमध्ये मोटर धरणारे आडवे दांडे ज्या बाजूला असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण असतात. उलट्या पात्यांचे दिखाऊ पंखे हल्ली मिळतात आणि त्यांना हा नियम लागू होत नाही, म्हणून पंखा चालू करून टिश्यू पेपरची पट्टी समोर धरून पाहावी.

मांडणीची सुरुवात अशी करावी : पुढे आत घेणारे तीन पंखे, छतावर रेडिएटरचे दोन किंवा तीन बाहेर फेकणारे, आणि मागे बाहेर फेकणारा एक. पॉवर सप्लायचे तोंड खाली करून त्याला तळाच्या जाळीतून स्वतंत्र हवा द्यावी. पंख्यांची संख्या मोजून दाब ठरवण्याची चूक इथे हमखास होते. आत तीन आणि बाहेर चार म्हणजे आतला दाब कमीच असे नाही, कारण रेडिएटर हवेला अडवतो. तशीच पुढची जाळीही अडवते, आणि पुढे सलग काच असलेल्या कॅबिनेटमध्ये बाजूची अरुंद फट त्याहून जास्त अडवते.

म्हणून प्रत्यक्ष पाहावे. दोन्ही झाकणे लावून, पंखे नेहमीच्या वेगाने चालवून, खोलीचा पंखा बंद करून एक उदबत्ती पेटवावी आणि तिचा धूर मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांजवळ, मग झाकणाच्या कडांजवळ न्यावा. धूर फटीत ओढला गेला तर दाब कमी आहे. बाहेर ढकलला गेला तर दाब योग्य आहे. ही चाचणी मिनिटभरात उरकावी आणि राख आत पडू देऊ नये.

धूर आत जात असेल तर नवा पंखा घेण्याआधी मागच्या पंख्याचा वेग कमी करून पाहावा. तरीही जात असेल तर तो पंखा सरळ काढावा. वाचायला विचित्र वाटेल, पण छतावर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर असलेल्या अनेक कॅबिनेटमध्ये मागच्या पंख्याची फारशी गरज नसते. तो काढल्यावर व्हीआरएमचे तापमान तेवढे तपासावे. ते फार चढले तर पंखा परत लावून अगदी मंद चालवावा.

टप्पा ६ : जाळ्या आणि फटी

दाब नीट झाल्यावरच जाळ्यांकडे वळावे. त्याआधी महागडी जाळी लावली तर हवा तिला टाळून फटींतून येते. बारीक नायलॉनची, चुंबकीय कडेची जाळी बहुतेक ठिकाणी पुरते. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या संगणकाच्या दुकानांत जाण्याआधी पुढच्या तोंडाचे माप मिलिमीटरमध्ये लिहून न्यावे, कारण जाळी चार बाजूंनी जरा जरी लहान पडली तरी ती असून नसल्यासारखी होते. जाळीऐवजी जुनी ओढणी किंवा कापडाचे दोन पदर लावण्याची युक्ती बरेच जण करतात. धूळ अडते खरी, पण हवाही अडते आणि आतला दाब पुन्हा कमी होतो.

आत घेणाऱ्या प्रत्येक तोंडाला जाळी असावी, बाहेर फेकणाऱ्याला नसावी. छतावरच्या बाहेर जाणाऱ्या हवेला जाळी लावणे हा निव्वळ अडथळा आहे. संगणक बंद असताना वरून धूळ पडते ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय म्हणजे पूर्ण बंद केल्यावर टाकायचे एक सुती आच्छादन. चालू करण्याआधी ते काढण्याची सवय नसेल तर तेही नको.

फटी बुजवायला दारे-खिडक्यांसाठी मिळणारी चिकट फोमची पट्टी वापरावी. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात ती मिळावी. जाळीच्या चौकटीच्या कडेने पट्टी लावावी आणि पुढे रेडिएटर असेल तर रेडिएटर आणि कॅबिनेटची चौकट यांमधली फटही बंद करावी. ही फट उघडी असली की पंखे रेडिएटर ओलांडून आलेली गरम हवाच पुन्हा पुढे ओढून घेतात. मागचे रिकामे स्लॉट पट्ट्यांनी झाकावेत. सगळ्याच फटी बुजवण्याचा हट्ट मात्र धरू नये. मागची छिद्रे असलेली जाळी हवा बाहेर जाण्यासाठीच आहे.

टप्पा ७ : पंख्यांचा वेग

पंप मदरबोर्डावरच्या पंपासाठीच्या जोडणीवर लावून कायम पूर्ण वेगाने किंवा निर्मात्याने सांगितलेल्या वेगाने चालवावा. आवाज कमी करण्यासाठी पंप मंद करणे ही खोटी बचत आहे. पंपातून गुळगुळ आवाज येत असेल तर कारण बहुधा हवा असते. टप्पा ४ मधला इशारा पुन्हा पाहावा.

रेडिएटरचे पंखे पाण्याच्या तापमानावर चालवावेत. ती सोय नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याने वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबावे अशी सेटिंग ठेवावी. प्रोसेसर क्षणात वीस अंश उडी मारतो, पाणी मारत नाही, आणि ब्राउझर उघडताच पंख्यांनी आरोळी ठोकण्याचे कारण नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट होते, पण त्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाजही बराच चढतो, म्हणून शेवटच्या टोकाचा वेग क्वचितच लाभाचा ठरतो.

पुढचे पंखे शून्यावर कधीही आणू नयेत. ग्राफिक्स कार्डाचे पंखे निवांत वेळी थांबले तरी चालते; पुढचे थांबले आणि रेडिएटरचे फिरत राहिले तर दाब लगेच उलटतो आणि रात्रभर डाउनलोड चालू असताना कॅबिनेट सगळ्या फटींतून धूळ ओढत राहते. पुढच्या पंख्यांचा किमान वेग ४० टक्के ठेवून सुरुवात करावी, आणि ते प्रत्येक पायरीवर रेडिएटरच्या पंख्यांपेक्षा थोडे पुढे राहतील असे पाहावे.

तपासणी : उदबत्तीची चाचणी आता दोनदा करावी, एकदा निवांत स्थितीत आणि एकदा पूर्ण भारावर.

टप्पा ८ : कॅबिनेटची जागा

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. झाडू मारताना उडणारी धूळ पहिल्या वीतभर उंचीत सर्वांत दाट असते. ते स्टुलावर किंवा टेबलावर घ्यावे, आणि झाडझुडीच्या वेळी संगणक बंद ठेवावा. मागे आणि वर किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या वॉटर-कूल्ड कॅबिनेटला वरचे सात टप्पे वाचवू शकत नाहीत.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर खोली थंड होते आणि त्याचा फायदा पाण्यालाही मिळतो. पाणी खोलीपेक्षा थंड होत नसल्यामुळे नळ्यांवर दव धरण्याची भीती नाही. कॅबिनेट मात्र कूलरच्या थेट झोतात असू नये. झोतातले तुषार जाळीवरच्या धुळीला भिजवतात, तिचा चिखल होऊन वाळतो आणि जाळीची छिद्रे बुजतात; त्यात बोअरिंगचे पाणी असेल तर क्षाराचा पांढरा थर रेडिएटरपर्यंत जातो आणि तो ब्रशने निघत नाही. कूलरचा झोत समोरच्या भिंतीकडे ठेवावा.

टप्पा ९ : पुन्हा मोजणी, आणि नंतरची देखभाल

टप्पा १ ची चाचणी तशीच, तेवढ्याच वेळेची करावी आणि पाणी व खोली यांतला फरक जुन्या फरकाशेजारी लिहावा. ही नवी नोंद पुढची सगळी देखभाल ठरवते. फरक तीन-चार अंशांनी वाढला की सफाईची वेळ झाली, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

जाळ्या मार्च ते जून दर आठवड्याला पाहाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी धुवाव्यात. बाकीच्या काळात महिन्यातून एकदा पुरे. कोमट पाणी, थोडा साबण, आणि सावलीत पूर्ण वाळवणे. उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग कडेने फट राहते. पावसाळ्यात वाळायला दिवस जातो, म्हणून जाळ्यांचा दुसरा संच घेऊन ठेवणे सोयीचे.

सफाई, दाब आणि वेग सगळे बरोबर असूनही फरक वाढत राहिला तर दोष धुळीचा नाही. पंपाचा वेग नोंदीपेक्षा कमी आहे का ते पाहावे. रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांना भारावर हात लावावा. एक चांगली गरम आणि दुसरी खोलीइतकीच असेल तर पाणी फिरत नाही. पाणी व खोलीतला फरक ठीक असून प्रोसेसरच तापत असेल तर प्रोसेसर आणि ब्लॉक यांमधली थर्मल पेस्ट बदलावी. उन्हाळ्यात पाणी ५५ अंशांच्या वर जात असेल तर काम थांबवावे किंवा प्रोसेसरची वीजमर्यादा बायोसमध्ये खाली आणावी, कारण बऱ्याच संचांत द्रवासाठी सांगितलेली कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते.